वरची रेघ

"आप्पा, वरची रेघ राहिली की," तेजस्वी म्हणाली.

भरमू पेंटरनं कागदाकडे पाहिलं. 'वखारीतला पाहुणा'. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर झळकायचं नाव. अक्षरं झोकात उतरली होती, पण त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

"मग आत दे की तिच्याकडं. ती मारंल," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याच्या बायकोला, राजाबाईला जाऊन आठ महिने झाले होते.

तेजस्वी अनगोळची, सिनेमांची नावं सजवायचं काम करायची. तिला कॉम्प्युटरची अक्षरं नको होती, म्हणून ती शहापूरच्या या गल्लीत आली. इथल्या निम्म्या पाट्या या नवरा-बायकोनं रंगवलेल्या. अक्षरं भरमूची, वरची रेघ राजाबाईची. ती विणकराच्या घरातली, सरळपणा तिच्या हातातच होता. दोन शब्दांच्या मध्येसुद्धा ती ब्रश उचलत नसे. मात्र रेघ संपता संपता तिचा हात वर जायचा आणि टोक किंचित उचललं जायचं. "शेवटाला हात का उचलतीस गं?" म्हणून भरमूनं तीस वर्षं तिचं डोकं खाल्लं. तिनं ते कधी मनावर घेतलं नाही.

ती गेली तेव्हा भरमू रडला नाही. वाईट वाटायला हवं हे त्याला कळत होतं, पण वाटत काहीच नव्हतं. पाटीचं काम आलं की तो माघारी पाठवायचा. हे एवढंच का घेतलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं ब्रश रंगात बुडवला. हात कागदावर नुसता थांबून राहिला. मग त्यानं ब्रश खाली ठेवला.

"न्हाय जमत पोरी. रेघ कॉम्प्युटरची घाल."

तेजस्वीनं वाद घातला नाही. कागद गुंडाळून ती निघाली. समोरच्या पिठाच्या गिरणीची पाटीही त्या दोघांनीच रंगवलेली. त्या पाटीपुढं थांबून तिनं चार-पाच फोटो काढले. ही पोरं कशाचेही फोटो काढतात, असं म्हणत भरमूनं दार लोटलं.

दिवाळीनंतर तिनंच त्याला थिएटरात नेऊन बसवलं. अंधार झाला. पडद्यावर एकेक अक्षर उमटलं. त्याचीच अक्षरं, माणसाएवढी. तरी त्याला काही वाटलं नाही. आता पट्टीनं आखल्यासारखी रेघ येईल म्हणून तो बघत राहिला.

रेघ डावीकडून निघाली. पहिल्या शब्दावरून गेली, मध्ये न थांबता दुसऱ्यावर आली. शेवटच्या अक्षराशी पोचली आणि टोक किंचित वर गेलं.

"उचललासच न्हवं शेवटाला हात," भरमू पुटपुटला, आणि पुढचा सिनेमा त्याला दिसलाच नाही.