चार बोटं कापड

बॉबिन टेबलावरून घरंगळली, फरशीवर टणकन आपटली आणि दोरा सोडत पलंगाखाली गेली.

"मी आणते!" म्हणत मुलगी पोटावर आडवी झाली आणि पलंगाखाली शिरली. बाहेर राहिले दोन पाय आणि जुन्या फ्रॉकचा घेर. घेरावर दोन फिकट रेघा होत्या. शिवताना आई खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायची आणि दर वाढदिवसाला त्यातलं थोडं सोडायची. टाके उसवायचं काम मुलीचं. शेवटचा टाका तुटला की ती घरभर ओरडत सुटायची, "वाढले! वाढले!"

ताईंनी पलंगाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मग? हिचं काय ठरलं?"

ताई म्हणजे आईच्या होणाऱ्या नवऱ्याची थोरली बहीण. आपलं लग्न आपणच ठरवायचं तर सोबत कुणी जाणतं हवं, म्हणून त्या सकाळपासून येऊन बसल्या होत्या. तीन भावंडांची लग्नं त्यांनी पार पाडली होती, आणि हे त्या फार वेळ विसरू देत नसत. हॉल छोटाच घे, मोठ्या हॉलात थोडी माणसं चुकून आल्यासारखी दिसतात. आधी जेवण, मग भाषणं. उपाशी माणूस टाळ्या वाजवत नाही. फोटोवाल्याला कोण कोण हवं ते आधीच सांग. किल्ल्या त्या दिवशी दुसऱ्याकडे दे, नवरीनं कपाटं उघडत फिरायचं नसतं. "आणि कपडे आठवडाभर आधी तयार पाहिजेत. त्या दिवशी तुझ्या हातात सुई दिसली तर बघ!"

तेव्हा आईला हसू आलं होतं. शिवणकामावर घर चालवणारीला हे सांगायचं म्हणजे! खिळ्यांवर गिऱ्हाइकांचे कपडे लटकत होते, पण तिचे आणि मुलीचे लग्नातले कपडे शिवून, इस्त्री होऊन तयार होते.

आता मात्र तिला हसू येत नव्हतं.

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," ताई म्हणाल्या. "राहू दे आजीकडे गावाला, शाळाही आहे तिथे. तुमचं जरा बस्तान बसू दे. मी काही वाईट सांगत नाही गं. तो स्वतःच्या तोंडानं बोलायचा नाही, पण घर तर त्यालाच बघायचंय ना? एका खोलीचं घ्यायचं की दोन खोल्यांचं? घरमालक ताटकळलाय तिथे."

पलंगाखालून शिंक ऐकू आली.

"सापडली का गं?" आईनं विचारलं.

"दोरा सापडलाय. त्याच्या मागे मागे चाललेय."

आजीचं गाव बसनं अर्ध्या दिवसावर होतं. आणि ताईंचा भाऊ माणूस चांगला होता. मुलीचे बाबा गेल्यापासून ह्या घराचं दार नीट लागत नव्हतं. त्यानं एक दिवस येऊन कडी बसवून दिली, चहाही न घेता गेला. 'नाही' म्हटलं तर हे सगळं हातचं जाणार होतं. 'हो' म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "मी अजून काहीच ठरवलेलं नाही. माझ्या मुलीचं मी ठरवीन. आणि ते कुणाच्या घाईनं ठरणार नाही."

आपला आवाज एवढा ठाम निघाला, ह्याचं तिलाच नवल वाटलं. जरा बरंही वाटलं.

"बरं बाई. मी त्याला फोन करते, मालकाला थोडं थांबव म्हणते. पण मी आत आले की उत्तर हवं हं!" ताई गॅलरीत गेल्या. दार अर्धवट लोटलं गेलं.

मुलगी बाहेर आली. केसांत जळमटं, मुठीत बॉबिन. "आता नवा घालून बघू? एकदाच?"

आईनं खिळ्यावरून लग्नातला फ्रॉक काढून दिला. मापात बसला. कुठे सैल नाही, कुठे ओढ नाही. घेर अगदी गुडघ्याशी येऊन थांबला. मुलीनं गिरकी घेतली. गॅलरीतून ताईंचा आवाज येत होता, "अरे हो, विचारते ना. जरा दम धर."

मग मुलगी सवयीनं खाली बसली. घेराची कड उलटी करून तिनं बोट आत घातलं. बोट गेलं नाही. तिथे नखाएवढीच दुमड होती, वर बारीक टीप. ती पुढे सरकत गेली, सगळा घेर चाचपून पुन्हा सुरुवातीला आली. खिशातलं काही हरवल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"आई, कापड कमी पडलं?"

मशीनशेजारच्या टोपलीत त्याच कापडाची लांब पट्टी घडी करून ठेवलेली होती. चार बोटांहून रुंदच असेल. मुलीनं ती पाहिली. आईनंही पाहिली. खडूची रेघ तिनंच मारली होती. कातर तिनंच चालवली होती. पुढच्या वाढदिवसांचं हे कापड कापून टाकताना मनात काय होतं, ते तिला काही केल्या आठवेना.

गॅलरीचं दार करकरलं. ताई आत आल्या, फोन तसाच कानाला. "बोल, काय सांगू त्याला?"

मुलगी घेर हातात धरून वर बघत होती.

"मग मी वाढले की काय उसवायचं?"