नमुन्यातले ठिपके

एकोणीस अर्ज आले, आणि एकोणीसही अर्जांत भाषेच्या जागी ठिपके होते.

हेडमास्तर व्हेनियामिन यांनी गठ्ठा दोनदा चाळला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फाइनाबाईंकडे पाहिलं. "बाई, हे काय आहे?"

"फळ्यावर नमुना लिहायला तुम्हीच सांगितलंत."

"जिल्ह्यानं पाठवला तसा लिहा म्हणालो होतो. 'माझ्या पाल्याची मातृभाषा रशियन असून तीच शिकवावी.' एवढं साधं वाक्य."

"कायद्यात पालकांची निवड असं म्हटलंय. म्हणून मी जागा मोकळी सोडली."

बाईंनी फळ्यावर बारा ठिपके काढले होते. गावानं बाराच्या बारा उतरवले होते, एक कमी नाही की जास्त नाही. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत घ्यायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही, ही शिस्त या गावाला लावली कुणी, तर फाइनाबाईंनीच. अर्ज लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यात मे महिना संपत आलेला, बटाट्याची लावणी डोक्यावर. आपण काय लिहितोय हे वाचत बसायला वेळ होता कुणाला?

रशियन संघराज्याचा नवा कायदा दिसायला गरीब होता. ज्याला आपली भाषा हवी, त्यानं ती लेखी मागावी. पहिलीच्या वर्गात पाच जणांनी गावाची उदमूर्त भाषा मागितली नाही, तर या वर्षापासून तो तास बंद. बाईंनी तो तास एकतीस वर्षं घेतला होता. नोकरीचं त्यांना फारसं वाटत नव्हतं, पेन्शन जवळ आली होती. पण या शाळेत एकदा बंद झालेली गोष्ट पुन्हा सुरू झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

व्हेनियामिन उठले. "अर्ज न्यायला जिल्ह्याची गाडी चारला येईल. मी घरी चहाला जातोय." दारात ते थांबले, आणि इतका वेळ चाललेली ऑफिसातली रशियन सोडून उदमूर्तमध्ये म्हणाले, "बाई, सगळ्या गावाचं अक्षर तुम्हीच वळवलंय. माझंसुद्धा. ठिपक्यांच्या जागी कुणाच्या हातानं काय लिहिलंय, ते मी बघणार नाही. तुम्ही आणि तुमचं मन."

ते गेले. बाईंनी पाच अर्ज वेगळे काढले. सगळ्यात वर अलेव्हतीनाचा. शाळेत असताना उदमूर्त पाठांतरात जिल्ह्यात पहिली आलेली पोर. बाईंनी पेन उघडलं आणि पुन्हा मिटलं. दुसऱ्याच्या सहीवर आपलं म्हणणं लिहायचं त्यांच्या जिवावर आलं. निदान एकीला तरी विचारावं, म्हणून तो अर्ज घेऊन त्या अंगणात गेल्या.

पालक अजून ट्रॅक्टरभोवती घोळका करून उभे होते. बियाण्याच्या बटाट्यावरून उदमूर्तमध्ये कडाक्याचं भांडण जुंपलं होतं.

"आली बघा तपासलेली वही," ट्रॅक्टरवरून गेर्मान म्हणाला. "बाई, माझं चुकलं असेल तर आत्ताच उठाबशा काढतो, संध्याकाळी कंबर राहणार नाही."

सगळे हसले. बाईंनी अलेव्हतीनाला बाजूला घेतलं. "अलेव्हतीना, इथे भाषा लिहायची राहिलीय. काय लिहू? आपली की रशियन?"

अलेव्हतीना नखातली माती काढत राहिली. "खरं सांगू, बाई? रागवू नका. पुढे परीक्षा रशियनमधून. शहरात दुकानात होते ना मी, तोंड उघडलं की पोरी फिदीफिदी हसायच्या. दोन वर्षं मुकीसारखी काढली. माझ्या पोरीला ते नको." मग बाईंचा चेहरा बघून तिनं घाईनं भर घातली, "आणि आपली भाषा कुठे पळून जातेय? घरात बोलतोच की आपण. त्याला शाळा कशाला हवी?"

तेवढ्यात तिची मिलाना आली आणि बाही ओढत रशियनमध्ये म्हणाली, "मम्मी, चल ना, पाय दुखले."

"थांब गं, दोन मिनिटं," अलेव्हतीना म्हणाली. तीही रशियनमध्येच.

बाई खाली वाकल्या. अगदी सावकाश, उदमूर्तमध्ये त्यांनी विचारलं, "मिलाना, माझ्या वर्गात येणार ना? खिशात काय लपवलंयस, बघू?"

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मम्मी, ही आजी काय म्हणतेय?"

बटाट्याचं भांडण थांबलं. गेर्मान खाली उतरून उगाचच ट्रॅक्टरचं चाक बघू लागला.

"लाजते ती," अलेव्हतीना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "एरवी घरी चुरुचुरु बोलते."

"लहान आहे अजून," फाइनाबाई म्हणाल्या.

त्या ऑफिसात परत आल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. अलेव्हतीनाचा अर्ज पुढ्यात घेऊन त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. माझ्या पाल्याची मातृभाषा, आणि पुढे बारा ठिपके. खोटं लिहायची सगळी तयारी त्यांनी केली होती. त्यांनी 'रशियन' लिहिलं, आणि ते खरं होतं.

मग गेर्मानचा अर्ज ओढला. त्याचा मुलगा गेल्या आठवड्यात त्यांच्याच दारात सायकलवरून पडला होता. गुडघा फुटल्यावर त्यानं आईला कोणत्या भाषेत हाक मारली, ते आठवेपर्यंत त्या पेन हातात धरून बसल्या. आठवल्यावर त्यांनी तीच लिहिली. चारच्या आत एकोणीसही अर्ज भरून झाले होते.