ताटातली मॅच

टण्ण!

स्टीलच्या ताटात औषधाच्या बाटलीचं झाकण पडलं आणि घरातली शांतता मोडली. शेखरचा तो इशारा होता. म्हणजे, आलीस ना, आता बस आणि सांग.

उज्वलाने पर्स खुंटीला अडकवली. सायली अजून दारात चपलांशी खेळत होती.

"हरलो," उज्वला म्हणाली. "तीन-एक."

"परत?" शेखर उजव्या कोपरावर जोर देत उशीला टेकून बसला. "कळवणच्या पोरांकडून? अगं, त्यांना धड थ्रो टाकता येत नाय! लाव, लाव. कोण कुठं होतं ते लाव."

ती पलंगाच्या कडेला बसून ताटात झाकणं मांडू लागली. निळी आपली, पांढरी समोरच्यांची. अपघाताला वर्ष होत आलं होतं. घरात झाकणांना तोटा नव्हता.

शेखर 'श्रमिक इलेव्हन'चा गोलकीपर. सातपूरच्या कंपन्यांतल्या कामगारांची टीम, जिल्हा लीगच्या अगदी खालच्या गटातली. त्यांचा डाव पाळ्यांवर ठरायचा. रात्रपाळी उतरून डोळे चोळत आलेले मागे बचावाला, झोप झालेले पुढे. लग्न झाल्यापासून उज्वला दर रविवारी मैदानाच्या कठड्यावर असायची. आधी एकटी, मग सायलीला मांडीवर घेऊन. कोण कधी दमतो, कुणाचा डावा पाय नुसता शोभेचा, सगळं तिला पाठ होतं.

मग एका सकाळी कामावर जाताना ट्रकने शेखरची गाडी उडवली. कमरेखालचं अंग लुळं पडलं, डाव्या हातातलंही अर्धं बळ गेलं. टीमची पोरं भेटायला आली, तर "असा मला बघू नका, परत येऊ नका" म्हणून त्याने सगळ्यांना हाकललं. फोन बंद करून ठेवला. पुढे बोलणंच टाकलं. दिवसभर तोंड भिंतीकडे.

डॉक्टर म्हणाले होते, यांनी मनातून सोडलं तर औषध काय करणार?

एका रविवारी उज्वलाने टीम जिंकल्याचं सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणून तो पुन्हा भिंतीकडे वळला. पुढच्या रविवारी हरल्याचं ऐकलं मात्र, तो ताडकन म्हणाला, "कीपर कोण होता?" त्या रात्री त्याने आपणहून जेवायला मागितलं.

त्यानंतर टीम एकदाही जिंकली नव्हती.

"पहिला कसा बसला?" शेखरने विचारलं.

"बंटी वर गेला तो परत आलाच नाही. डावीकडे मोकळं रान. त्यांचा सात नंबर तिकडून घुसला."

"घ्या! मालेगावशी आपल्याला अस्साच बसला होता ना? सेम टू सेम!"

"सेम," उज्वला म्हणाली.

"आणि रावजी सर काय करत होते? कोच म्हणवतात ना स्वतःला?"

"चहा पीत होते," सायली दारातूनच म्हणाली. "दोन कप."

शेखर खदखदून हसला. उज्वलाने लेकीकडे पाहिलं आणि तीही हसली.

"मधे कोण होतं?"

"झुंबर."

शेखरचा हात थांबला. "झुंबर? या आठवड्यात तो सेकंड शिफ्टला असणार. दुपारी मैदानात कसा?"

"बदली घेतली म्हणे."

"बदली घेऊन हरायला आला! धन्य आहे." त्याने मान हलवली.

सायलीने फ्रॉकचा खिसा उलटा केला. फरशीवर वाळू सांडली.

"ही कुठली गं? ग्राउंडवर वाळू कधीपासून?"

"तिथं शेजारी बांधकाम काढलंय," उज्वला म्हणाली आणि झाडू आणायला उठली.

ती आली तेव्हा शेखर ताटावर वाकला होता. "हे बघ. बंटीला वर जाऊ द्यायचं असेल, तर कुंदनने इथं सरकायला पाहिजे." आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याने निळं झाकण धरलं. धरलं आणि सरकवलं. कालपर्यंत त्या बोटांना चमचा धरवत नव्हता.

उज्वला झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"असं घरी बसून नाय जमायचं," शेखर म्हणाला. "रविवारी मी येतो."

"कुठे?"

"कुठे काय? मॅचला! झुंबरला सांग, चौघं या म्हणावं. खुर्चीसकट उचलून जिना उतरवतील. मागून कुणी ओरडणारा नसला की बचाव झोपतो. मी लाइनीवरून ओरडेन." त्याने झाकण ताटात ठेवलं. "पोरांना लय बोललो होतो मी. त्यांची माफी पण मागायचीय. बघू देत मला असा. आता नाय लाज वाटत."

वर्षभर उज्वलाने दर संध्याकाळी दिवा लावताना हेच मागितलं होतं. तो या दारातून बाहेर पडावा, बस. बाकी काही नको.

"सांगशील ना?"

"सांगते," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

ती स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, त्यावर रिकामंच पातेलं ठेवलं. बाहेर ताटात टण्ण, टण्ण झाकणं पडत होती. शेखर नवा डाव मांडत होता. चक्क शीळ घालत होता.

सायली पावलं न वाजवता आत आली. बाहेरच्या खोलीकडे एकदा बघून तिने उज्वलाची ओढणी खाली ओढली आणि कानाशी तोंड नेलं.

"मम्मी, आपली टीम तर कधीच मोडली. ग्राउंडवर बिल्डिंग होतेय. मग रविवारी पप्पांना नेऊन काय दाखवायचं?"