अभ्यास केल्याचा पुरावा

मुलांच्या बाकात वडिलांचे गुडघे अडकले होते, म्हणून ते बसल्या जागीच हादरले.

"अभ्यास केला? आमच्या हिने?"

"रोज तासभर, दोन महिने," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि पेपर पुढे सरकवला. शंभरापैकी एकोणतीस. "मागच्या खेपेला अकरा होते."

अकरा होते तेव्हा घरात सगळं आलबेल होतं. पोरगी हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही, असं वडील मेहुण्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना छाती फुगवून सांगत. आता काय सांगणार?

"कुणी सांगितले होते गं नसते उद्योग करायला?" आईने लेकीला चिमटा काढला. "चांगली झाकली मूठ होती."

वडील गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढे पुढे वाकले. "बाई, एक विनंती आहे. पेपरावरचा शेरा बदला. 'अभ्यास केला नाही' असं लिहा."

"पण केलाय तिने."

"ते आपल्या आपल्यात राहू द्या. तिच्या मामाचा मुलगा याच वर्गात पहिला येतो. त्यांच्याकडे नंबर आहे, आमच्याकडे फक्त 'केला असता तर' आहे. तेवढंही काढून घेऊ नका."

"अहो, अठरा गुण वाढलेत."

"मेहनतीचे," आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

"शेरा शाईने लिहिलाय," बाई म्हणाल्या.

लेक मघापासून पेपरात डोकं घालून बसली होती. "बाई, हे सातवं गणित. इथपर्यंत बरोबर आहे ना? मग पुढे कुठे माती खाल्ली मी?"

बाईंनी नुसती पेन्सिल पुढे केली. लेकीने गणित सोडवलं. चुकलं. खोडलं. जीभ दातांत धरून पुन्हा मांडलं.

एवढ्यात दारात मामा उगवला. "काय दाजी, काय म्हणतात बाई?"

वडिलांनी एकेक करून गुडघे सोडवले आणि उठून उभे राहिले. "नेहमीचंच. डोकं आहे हो, पण पुस्तकाला हात लावेल तर शपथ."

मागे पेन्सिल खरखरत होती. मामाने मान लांब केली.

आई नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, जरा डावीकडे सरका. दिसतेय ती."