पाच नळ्यांवरच्या पट्ट्या

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जमिनीतली वाफ ओढून काढता काढता माती तपासणाऱ्या ताईच्या केसांनाही पेट्रोलचा वास लागला होता. आज शेवटचा नमुना अगदी स्वच्छ निघाला, तेव्हा ती मिस्त्रीमामांची टोपी पळवून, ती डोक्यावर घालून नाचली.

"आता इथे बाग होणार, मामा! माझी पोरगी इथेच घसरगुंडी खेळणार!"

मामांनी हवा ओढणारं यंत्र बंद केलं, त्याची वायरही काढली आणि जमिनीत उतरलेल्या पाचही नळ्यांची तोंडं मोकळी केली. मग दर वेळी काम संपलं की करायचे तसं त्यांनी पहिल्या नळीला थोपटलं. "दमलीस गं. झोप आता, बाळा."

ताई खो-खो हसली.

अजून कुठे हवा आत ओढली जातेय का, हे कळावं म्हणून मामांनी प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक कागदी पट्टी चिकटवली. आता त्या नुसत्या लोंबायला हव्या होत्या. पहिली पट्टी मात्र हळूच आत गेली, जराशी थांबली आणि बाहेर आली. पुन्हा आत. वारा तर नावालाही नव्हता.

ही लय ताईच्या ओळखीची होती. झोपलेल्या लेकीला कुशीत घेऊन रोज ती हीच श्वासांची लय ऐकायची.

"अहो मामा, खरंच झोपली की!" आनंदाने तिचा आवाज चढला.

"हळू बोल गं," मामा पुटपुटले.

पट्टी अर्ध्यातच थांबली. मग पाचही पट्ट्या एकदम ताठ उठल्या आणि ताईकडे वळल्या.