विकणाऱ्याचा चहा

वैजनाथनं चहा सांगितला आणि मालनबाई धास्तावली.

चहाला कुणी भ्यायचं असतं का? पण ती भ्याली. वकिलाच्या त्या एवढ्याशा खोलीत डोक्यावर पंखा गरगरत होता. टेबलावर खरेदीखताची फाईल उघडी पडलेली. रस्त्यापलीकडं नोंदणीचं ऑफिस, घरमालक तिथंच भेटणार, नोंदणीचा नंबर तीन वाजताचा. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

घर दोन खोल्यांचं, श्रीरामपूरच्या कडेला. बेलापुरात भाड्याच्या सात खोल्या बदलून झाल्यावर आता कुठं स्वतःचं दार मिळत होतं. नवऱ्याचा, पुंजारामचा, डेअरीतला फंड, तिनं शाळेत खिचडी रांधून मागं टाकलेलं, अंगावरचं सोनं, सगळं किडुकमिडुक त्यात जाणार. बाईच्या नावानं घेतलं की सरकारी शुल्क थोडं वाचतं, म्हणून खरेदी तिच्या एकटीच्या नावानं. म्हणजे सहीही तिचीच.

तिचा नवरा मात्र खुशीत होता. दलाल वैजनाथ पडला खर्ड्याचा, पुंजारामच्या गावचा. गाववाला म्हटलं की या माणसाला पाघळायला वेळ लागत नाही. वैजनाथनं घर दाखवलं, भिंती बघायला इंजिनियर आणला, कर्जाच्या कागदांना माणूस दिला, आणि आता हा वकीलही त्यानंच दिलेला. "तात्या, तुमी नुसतं बसायचं," तो म्हणाला होता, आणि तात्या खरंच नुसता बसला होता.

चहा आला. पुंजारामनं फुर्रकन घोट घेतला. वकीलसाहेबांनीही कप उचलला. मालनबाईनं उचलला नाही.

तिचे वडील, आसाराम, घोडेगावच्या बाजारात लोकांना जनावरं पारखून द्यायचे. ज्याला गाय घ्यायची तो आसारामला सोबत न्यायचा. ते दात बघायचे, कास दाबून बघायचे, गायीला चार पावलं चालवायचे. विकणाऱ्यानं किती का आग्रह करेना, त्याच्या चहाला हात लावायचे नाहीत. "त्याचा चहा प्याल्यावर त्याच्या गायीला लंगडी कसं म्हनू, पोरी?" म्हणायचे. लहानपणी मालनला याचं हसू यायचं.

आज येत नव्हतं. गाय घ्यायला आपला माणूस नेला असता, आणि जन्माचं घर घ्यायला विकणाऱ्याच्याच माणसांत येऊन बसलो, हे तिला आत्ता, सही पुढ्यात आल्यावर कळत होतं. मागच्या गल्लीतली छबूबाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं घर घेतलं, पूजा घातली, आणि वर्षाच्या आत दारावर बँकेची नोटीस लागली. आधीच्या मालकानं ते घर केव्हाच गहाण टाकलेलं. ते घर घेतानाही सगळे असेच गोड बोलले होते म्हणे.

"वहिनी, चहा गार व्हायलाय," वैजनाथ म्हणाला.

"वकीलसाहेब, एक विचारू?" मालनबाई वकिलांकडं वळली. "तुमी आमचे का घरमालकाचे?"

"अगं, काय येड्यावानी विचारतीस!" पुंजाराम खेकसला.

वकील हसले. "मावशी, मी दोघांचाही. एकच वकील असला की खर्च वाचतो."

"आन तुमची फी कोन देतंय?"

वकिलांनी वैजनाथकडं पाहिलं. "ती माझ्याकडं लागली," वैजनाथ म्हणाला. "गावच्या मानसासाठी येवढंबी करू नये व्हय?"

"घरावर आधीचं कर्ज न्हाई, हे कुनी बघितलं?"

"मीच," वकील म्हणाले. "सगळं क्लिअर आहे."

"आन पुढं काय निघालं तर?"

"निघणार नाही हो. निघालंच तर माझ्याकडं या."

सही केली तर काय होईल याची मालनबाईला भीती होतीच, नाही केली तर काय होईल याची त्याहून जास्त. इसार बुडेल, घर जाईल, नवरा जन्मभर घालूनपाडून बोलेल. तिनं साडीचा पदर मुठीत आवळला.

"मला ह्या कागदांची झेरॉक्स द्या. आमच्या शाळेतल्या बाईंची बहीन राहुरीला वकील हाय. तिची फी मी देईन. तिनं बघितल्यावर सही करते."

वैजनाथच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. हात मात्र पुढं आला, फाईलवर पडला, आणि फाईल अलगद त्याच्या बाजूला सरकली. "झेरॉक्स कशाला, वहिनी? आपली मानसं असताना परक्यांना कशाला दावायचं? तीनचा नंबर हुकला तर मालक दुसऱ्याला देईल. दोन गिऱ्हाईकं टपून बसलीत."

आता पुंजाराम चारचौघांत आपला उद्धार करणार, म्हणून मालनबाईनं मान खाली घातली. तिनं भीत भीत वर पाहिलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता. फाईलवरच्या त्या हाताकडं बघत होता.

"झेरॉक्सचं दुकान खालीच हाय, वैजनाथ," तो सावकाश म्हणाला. "धा मिनटं लागत्याल."

"तात्या, माझ्यावर भरवसा न्हाई का तुमचा?" वैजनाथनं फाईल मिटली. "चला, चहा संपवा. उशीर व्हायलाय."

पुंजारामच्या कपात अजून अर्धा चहा होता. त्यानं कप बशीत ठेवला आणि बशी एका बोटानं वैजनाथकडं सरकवली.