बारावं वळण

सायकलींच्या घाट-स्पर्धेला बाबा दरवर्षी आधीच वर जाऊन प्रत्येक वळणावर माझ्यासाठी खडूनं लिहून ठेवायचे: ‘ढब्बे, अजून पाच.’ ‘ढब्बे, अजून चार.’

गणिताचे मास्तर असूनही त्यांचा आकडा एकानं चुकायचा. घाटात वळणं अकराच. अकराव्यावर समोर फिनिशची कमान दिसायची, तरी तिथं ‘अजून एक’ असायचंच.

“बाबा, बारावं कुठंय?” मी चिडवायची.

“आहे गं. तुला इतक्यात कशाला दिसेल?”

ते गेल्यावर यंदा पहिल्यांदाच स्पर्धेसाठी सायकल बाहेर काढली. पहिल्याच वळणावर तेच अक्षर: ‘ढब्बे, अजून अकरा.’ डोळे भरून आले. पोटऱ्यांचं दुखणं विसरून मी चढत राहिले.

अकराव्या वळणावर ‘अजून एक’ वाचून हसतच मान वर केली.

कमान नव्हती. मागेपुढे कुणी नव्हतं. रस्ता सावकाश डावीकडे वळत होता.